विश्लेषण : ‘काहीतरी चुकले’ म्हणजे नेमके काय चुकले?

शनिवार, 12 एप्रिल 2025. देशभर यूपीआय अडखळू लागले. क्यूआर कोड स्कॅन होत होता, पिन टाकता येत होता, पण पुढे पडद्यावर नुसते चक्र फिरत राहायचे. कुणाला ‘पेमेंट फेल’ दिसले, कुणाला ‘प्रोसेसिंग’, तर कुणाला ‘समथिंग वेंट राँग’. ग्राहक म्हणतो पैसे गेले, दुकानदार म्हणतो आले नाहीत, आणि दोघेही आपापल्या फोनकडे बघत उभे. त्याआधी 26 मार्चलाही असेच घडले होते.

नंतर नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने म्हणजेच एनपीसीआयने 12 एप्रिलच्या घटनेचे कारण शोधले. काही बँकांच्या यंत्रणा ‘त्या व्यवहाराचे काय झाले?’ ही विचारणा पुन्हा पुन्हा, प्रचंड संख्येने आणि जुन्या व्यवहारांसाठीही करत होत्या. उत्तर वेळेत आले नाही की पुन्हा विचारायचे, तरी आले नाही की आणखी एकदा. या चौकशीच्या भारानेच यंत्रणा मंदावली.

बातम्यांत याला ‘तांत्रिक बिघाड’ म्हटले गेले. संगणकाच्या भाषेत याला ‘एरर हँडलिंग’ म्हणतात, म्हणजे चूक झाल्यावर प्रोग्रामने काय करायचे याचे नियम. हा विषय फक्त कोड लिहिणाऱ्यांचा आहे असे आपण समजतो. पण चूक नीट न हाताळण्याची किंमत भरतो तो ग्राहक आणि दुकानदार. त्यामुळे फोनच्या आत चूक ओळखतो कोण, ती आपल्यापर्यंत पोचेपर्यंत तिचे ‘काहीतरी चुकले’ कसे होते आणि आपण कशाचा आग्रह धरायला हवा, हे समजून घ्यायला हवे.

चूक सर्वात आधी कुणाला कळते?

तुमच्या फोनमधले कोणतेही ॲप स्वतः फाइल उघडत नाही, मेमरी घेत नाही किंवा इंटरनेटवर काही पाठवत नाही. ते ऑपरेटिंग सिस्टीमला विनंती करते. अँड्रॉइड फोनमध्ये हे काम लिनक्स कर्नल करतो. या विनंतीला ‘सिस्टीम कॉल’ म्हणतात. दर सेकंदाला अशा शेकडो-हजारो विनंत्या होत असतात आणि त्यातल्या काही नाकारल्या जातात.

नाकारताना कर्नल मोघम बोलत नाही. तो एक ठरलेला क्रमांक देतो. लिनक्समध्ये 2 म्हणजे अशी फाइल नाही. 12 म्हणजे मेमरी उरलेली नाही. 13 म्हणजे परवानगी नाही. 28 म्हणजे साठवायला जागा नाही. 110 म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली. 111 म्हणजे समोरच्या यंत्राने जोडणी नाकारली. असे शंभराहून अधिक क्रमांक आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ लिहून ठेवलेला आहे.

हे पटकन समजायला फोन लावल्यावर येणाऱ्या सूचना आठवा. ‘क्रमांक व्यस्त आहे’, ‘क्रमांक अस्तित्वात नाही’ आणि ‘संपर्क क्षेत्राबाहेर आहे’ या तीन सूचना ऐकून आपण तीन वेगळ्या गोष्टी करतो. व्यस्त असेल तर पाच मिनिटांनी लावतो, अस्तित्वात नसेल तर क्रमांक तपासतो, क्षेत्राबाहेर असेल तर मेसेज टाकून ठेवतो. उद्यापासून या तिन्हींच्या जागी ‘काहीतरी चुकले’ एवढेच ऐकू आले तर? आपण वेड्यासारखे रिडायल करत बसू. आपली अनेक ॲप्स आज तेच करतात आणि आपल्यालाही करायला लावतात.

मग ही माहिती हरवते कुठे?

कर्नल आणि पडदा यांच्या मध्ये प्रोग्रामिंग भाषा असते. कर्नलचे उत्तर प्रोग्रामरसमोर कसे मांडायचे हे भाषा ठरवते. आणि महत्त्वाचे म्हणजे, त्या उत्तराकडे दुर्लक्ष करणे किती सोपे ठेवायचे हेही तीच ठरवते.

1970च्या दशकात बेल लॅब्जमध्ये युनिक्सबरोबर वाढलेली सी ही भाषा घ्या. तिच्यात काम फसले तर फंक्शन बहुधा उणे 1 परत करते आणि नेमके कारण ‘एरनो’ नावाच्या एका जागेत क्रमांकाच्या रूपाने ठेवते. ते वाचायचे की नाही हा प्रोग्रामरचा प्रश्न. वाचले नाही तर भाषा हटकत नाही. वाचायला उशीर केला तर मधल्या दुसऱ्या एखाद्या कामाने तो क्रमांक बदललेला असू शकतो. दारावर चिठ्ठी लावून ठेवल्यासारखी ही पद्धत आहे. चिठ्ठी खरी असते, पण ती बघणे सक्तीचे नसते.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्ही फाइल उघडणारे प्रोग्राम वहीत डझनाने लिहिले. फाइल उघडलीच नाही तर काय, ही ओळ माझ्या बहुतेक प्रोग्राममध्ये नव्हती. प्रोग्राम चालला, आउटपुट आले, सही मिळाली. जर्नल पूर्ण करताना त्याचे काही वाटले नाही. त्याच सवयीने पुढे पैशांचे ॲप लिहिले तर काय होईल, हा विचार फार उशिरा आला.

एक्सेप्शनने प्रश्न सुटला का?

पुढच्या भाषांनी चूक दुर्लक्षित करणे अवघड केले. जावा, पायथन यांसारख्या भाषांत काम फसले की ‘एक्सेप्शन’ उसळते. ते कुणी झेलले नाही तर चालू काम तिथेच थांबते. जावाने एक पाऊल पुढे टाकले. फाइल किंवा नेटवर्कच्या चुका हाताळल्या नाहीत, किंवा त्या पुढे सोपवल्याचे जाहीर केले नाही, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही.

पायथनने 2012 साली 3.3 आवृत्तीत आणखी एक उपयोगी बदल केला. त्याआधी ऑपरेटिंग सिस्टीमची चूक आली की प्रोग्रामरला क्रमांक तपासत बसावे लागे. आता ‘फाइल सापडली नाही’, ‘परवानगी नाही’, ‘मुदत संपली’ अशा नेहमीच्या चुकांना स्वतंत्र नावे मिळाली. हा बदल वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण क्रमांक सगळीकडे सारखे नसतात. ‘मुदत संपली’ याचा क्रमांक अँड्रॉइडच्या लिनक्समध्ये 110 आहे, तर आयफोनच्या प्रणालीत 60. क्रमांकावर विसंबून लिहिलेला कोड एका फोनवर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक ठरू शकतो. नाव मात्र दोन्हीकडे एकच राहते.

पण सक्ती आली की पळवाटही येते. जावामध्ये एक्सेप्शन झेलायचे आणि आत काहीच लिहायचे नाही, असा रिकामा ‘कॅच’ ठेवता येतो. कंपाइलर खूश, चूक गायब. दुसरी पळवाट याहून साधी आहे. सगळ्या प्रकारच्या चुका एकाच मोठ्या जाळीत झेलायच्या आणि सगळ्यांसाठी एकच संदेश दाखवायचा. आपल्या पडद्यावरचे ‘समथिंग वेंट राँग’ अनेकदा याच जाळीतून जन्माला येते. जागा संपली असो, नेटवर्क गेले असो किंवा बँकेने उत्तर दिले नसो, संदेश तोच. कर्नलने नेमके कारण सांगितलेले असते, वरच्या थराने ते फेकून दिलेले असते.

गो आणि रस्ट काय वेगळे करतात?

गेल्या पंधरा वर्षांत पुढे आलेल्या दोन भाषांनी जुना विचार नव्याने मांडला. चूक हे संकट मानायचे नाही, ते कामाचे एक नेहमीचे उत्तर मानायचे. गुगलमध्ये तयार झालेल्या गो भाषेत फंक्शन निकालाबरोबर चूकही परत देते आणि प्रोग्रामर जवळपास दर काही ओळींनी ‘चूक आहे का?’ असे तपासतो. कोड लांबतो म्हणून लोक कुरकुर करतात. पण वाचणाऱ्याला कुठे काय फसू शकते हे डोळ्यांसमोर दिसते.

2015 साली 1.0 आवृत्ती आलेल्या रस्टमध्ये निकाल आणि चूक एकाच बंद पाकिटात येतात. पाकीट उघडून ‘जमले’ की ‘फसले’ हे बघितल्याशिवाय आतली वस्तू हाती लागत नाही. न उघडता टाकून दिले तर कंपाइलर इशारा देतो. शिवाय मूळ ऑपरेटिंग सिस्टीमचा क्रमांकही त्या पाकिटात जपलेला असतो.

तरीही भाषा माणसाला वाचवेलच असे नाही. 18 नोव्हेंबर 2025 रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीची सेवा कोसळली आणि एक्स, चॅटजीपीटी यांसह अनेक संकेतस्थळे जगभर बंद पडली. एका अंतर्गत फाइलमधल्या नोंदी ठरवलेल्या 200च्या मर्यादेपलीकडे गेल्या होत्या. ती वाचणारा कोड रस्टमध्ये होता. मर्यादा ओलांडल्याचे उत्तर पाकिटात आले होते. पण तिथे ‘हे जमलेच असेल’ असे गृहीत धरून पाकीट फाडणारी ‘अनरॅप’ ही सूचना वापरली होती. आत चूक निघाली आणि प्रोग्राम बंद पडला. भाषेने विचारले होते, माणसाने ‘बघायची गरज नाही’ असे उत्तर दिले होते.

पुन्हा प्रयत्न करणे केव्हा चूक ठरते?

इथे मूळ मुद्द्याकडे येऊ. चूक कळल्यावर बहुतेकांचा पहिला उपाय असतो, पुन्हा प्रयत्न. तो कधी योग्य असतो हे ठरवायला चुकांचे तीन गट पाडावे लागतात.

पहिला गट : काम झालेले नाही आणि थोड्या वेळाने होऊ शकते. लिनक्सचा क्रमांक 4 या गटातला. काम सुरू असताना मध्येच दुसरा संकेत आला म्हणून ते थांबले, एवढाच त्याचा अर्थ. पायथन 2015 पासून अशा वेळी बहुतेक ठिकाणी आपणहून पुन्हा प्रयत्न करते.

दुसरा गट : काम झालेले नाही आणि कितीही वेळा सांगितले तरी होणार नाही. परवानगी नसेल, फाइलच नसेल, तर हजार वेळा विचारून उपयोग शून्य.

तिसरा गट सर्वात अवघड : काम झाले की नाही हेच माहीत नाही. तुम्ही सांगितलेत, समोरून उत्तर आले नाही. निरोप वाटेत हरवला की काम होऊन उत्तर हरवले, हे इथून कळत नाही. मुदत संपल्याची बहुतेक उत्तरे याच गटात येतात.

हा तिसरा गट किती फसवा असतो याचे उदाहरण पोस्टग्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमध्ये 2018 साली पुढे आले. डेटाबेस माहिती लिहितो तेव्हा ती आधी मेमरीत राहते. ती खरोखर डिस्कवर उतरली का, हे ‘एफसिंक’ नावाच्या सिस्टीम कॉलने विचारावे लागते. डिस्कवर लिहिणे फसले तर लिनक्स एकदा चूक सांगायचा, पण अनेकदा ती न उतरलेली माहिती ‘उतरली’ अशी खूण करून मोकळा व्हायचा. पोस्टग्रेस समजायचा की पुन्हा विचारले म्हणजे पुन्हा लिहिले जाईल. दुसऱ्या वेळी उत्तर यायचे, ‘सर्व ठीक’. माहिती मात्र डिस्कवर नसायची.

उपाय काय निघाला? 2019च्या सुरुवातीला आलेल्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेसने असे पुन्हा विचारणे सोडले. एफसिंक फसले की डेटाबेस सरळ बंद पडतो आणि आधीच लिहून ठेवलेल्या नोंदवहीवरून स्वतःला सावरतो. खोटे ‘ठीक आहे’ म्हणण्यापेक्षा थांबणे बरे, हा निर्णय सुमारे वीस वर्षांच्या सवयीविरुद्ध घेतला गेला.

यूपीआयमध्ये हेच कसे घडते?

यूपीआयचा एक साधा व्यवहार घ्या. तुमचे ॲप, त्यामागची बँक, एनपीसीआय, तुमच्या खात्याची बँक आणि घेणाऱ्याची बँक अशी साखळी असते. मार्च 2025 या एका महिन्यात अशा 1,830 कोटी व्यवहारांची नोंद झाली. यातला काही भाग आमच्या नवी मुंबईतूनच धावतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत आणि त्यांच्यापासून काही मिनिटांवर वाशीच्या बाजारात क्यूआरचा फलक टांगलेला असतो.

साखळीतल्या कुठल्याही दुव्याने वेळेत उत्तर दिले नाही की व्यवहार तिसऱ्या गटात जातो. यंत्रणेला हे ठाऊक आहे. म्हणूनच ‘यशस्वी’ आणि ‘अयशस्वी’ यांखेरीज ‘प्रलंबित’ ही स्थिती आहे, आणि ‘काय झाले?’ विचारण्यासाठी वेगळी सोय आहे. त्याच व्यवहार क्रमांकाने विचारायचे असल्यामुळे दुसऱ्यांदा पैसे कापले जाण्याचा धोका नाही. रचना चांगली आहे. फक्त किती वेळा आणि किती अंतराने विचारायचे याचा नियम सगळ्यांनी पाळायला हवा होता.

ठाणे स्टेशनवर पनवेल लोकल रखडली आहे आणि फलाटावरचा प्रत्येक प्रवासी दर दहा सेकंदांनी चौकशी खिडकीवर येऊन ‘गाडी कधी?’ विचारतोय, अशी कल्पना करा. खिडकीतल्या माणसाला गाडीची खबर घ्यायला वेळच उरणार नाही. म्हणून चांगल्या यंत्रणा दर प्रयत्नानंतर थांबण्याची वेळ वाढवत नेतात आणि ठरावीक प्रयत्नांनंतर विचारणे बंद करतात. एनपीसीआयनेही हाच मार्ग पक्का केला. 1 ऑगस्ट 2025 पासून प्रलंबित व्यवहाराची स्थिती जास्तीत जास्त तीन वेळा, आणि दोन विचारणांत किमान 90 सेकंदांचे अंतर ठेवूनच तपासता येते.

म्हणजे यंत्रांना शिस्त लागली. माणसांना नेमके सांगण्याची शिस्त मात्र अजून लागलेली नाही. व्यवहार तिसऱ्या गटात आहे हे ॲपला कळलेले असताना पडद्यावर ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ असे दाखवणे हे माझ्या मते चुकीचे मार्गदर्शन आहे. ग्राहक पुन्हा पैसे पाठवतो, आणि तो नवा व्यवहार असतो, नव्या क्रमांकाचा. पहिलाही नंतर पूर्ण झाला तर पैसे दोनदा गेले. भाजीच्या जुडीसाठी हे चालून जाईल. महिन्याचे घरभाडे किंवा रुग्णालयाची अनामत रक्कम असेल तर?

‘लोकांना तपशील कळत नाहीत’ हे खरे का?

कंपन्यांकडून दोन युक्तिवाद होतात. पहिला, सामान्य माणसाला एरर कोड कळत नाही. खरे आहे, 110 किंवा 28 कुणी दाखवा असे म्हणत नाही. पण ‘फोनमध्ये जागा नाही’ हे वाक्य कुणाला कळत नाही? ‘बँकेचे उत्तर अजून आलेले नाही, पैसे कापले गेले की नाही हे ठरलेले नाही, तोवर पुन्हा पाठवू नका’ हेही आठवीतल्या मुलाला कळेल. कोडचे साध्या मराठीत रूपांतर करणे हेच तर ॲपचे काम.

दुसरा युक्तिवाद सुरक्षेचा. जास्त सांगितले तर भामट्यांना मदत होते. लॉगिनच्या बाबतीत यात तथ्य आहे. नाव चुकले की पासवर्ड, हे मुद्दाम सांगितले जात नाही आणि ते योग्यच आहे. पण माझे पैसे माझ्या खात्यातून गेले का, हे माझ्यापासून लपवण्यात कसली सुरक्षा?

आग्रह कशाचा धरायचा?

माझी मागणी तीन वाक्यांची आहे. पैशांशी संबंधित प्रत्येक चूक-संदेशाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. काम झाले, झाले नाही, की माहीत नाही? पुन्हा प्रयत्न करायचा का आणि केव्हा? आणि ठरलेल्या वेळेत निकाल लागला नाही तर कुठे जायचे? ‘माहीत नाही’ हे उत्तर द्यायला लाजण्याचे कारण नाही. खोटे ‘अयशस्वी’ दाखवण्यापेक्षा ते कितीतरी बरे. रिझर्व्ह बँक आणि एनपीसीआय यांनी यंत्रांमधल्या विचारणांसाठी नियम केले, तसा किमान मजकुराचा नियम ग्राहकाच्या पडद्यासाठीही करावा, आणि तो मराठीसह ग्राहकाने निवडलेल्या भाषेत असावा.

कॉलेजांनीही एक छोटा बदल करावा. प्रॅक्टिकलची सही देण्याआधी परीक्षकाने फाइलचे नाव बदलून, डिस्क भरून किंवा वायफाय बंद करून प्रोग्राम चालवून बघावा. सगळे सुरळीत असताना चालणारा प्रोग्राम हे अर्धेच काम असते.

आणि तोवर आपण काय करायचे? पैसे कापले आणि समोर पोचले नाहीत असे दिसले तर लगेच पुन्हा पाठवू नका. व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि ॲपमध्येच तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019च्या परिपत्रकानुसार, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर ते व्यवहारानंतर जास्तीत जास्त एका दिवसात आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला पैसे मिळाल्याची खातरजमा झाली नसेल तर ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाच्या उशिरासाठी 100 रुपये भरपाई आहे आणि ती ग्राहकाने न मागताही जमा व्हायला हवी. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

हा नियम सहा वर्षांहून जुना आहे. पैसे अडकल्यावर तो आठवण्याची जबाबदारी मात्र आजही ग्राहकावरच आहे. ‘काहीतरी चुकले’च्या खाली ही दोन ओळींची माहिती छापायला कुठल्याही ॲपला नवी प्रोग्रामिंग भाषा शिकावी लागणार नाही.